बिनबाह्यांचं पॅडेड जाकीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की परभणीच्या आमच्या दुकानात जाकिटांची विचारणा सुरू होते. गेल्या काही हिवाळ्यांत सगळ्यात जास्त हाताळलं जातं ते पुरुषांचं बिनबाह्यांचं पॅडेड जाकीट. गिऱ्हाईक ते हातात घेतं, दाबून बघतं, "एवढं हलकं?" म्हणतं आणि बाजूला ठेवतं. काउंटरवर आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लिहिताना एलेसे या जुन्या इटालियन ब्रँडचं जाकीट डोळ्यांसमोर आहे, पण बहुतेक उत्तरं कुठल्याही चांगल्या पॅडेड जाकिटाला लागू पडतील.

बाह्याच नाहीत, मग थंडी कशी थांबणार? हात तर उघडेच राहतात की.

हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. थंडी वाजायला लागली की शरीर आधी छाती-पोटाची ऊब सांभाळतं. त्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पहाटे बोटं आधी गारठतात. छाती, पाठ आणि पोट उबदार राहिलं की शरीराला ही काटकसर कमी करावी लागते आणि हातांकडे रक्त बरं जातं. जाकिटाखाली पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा पातळ स्वेटर असला की आपल्याकडची बहुतेक थंडी निभते.

दुसरा फायदा काम करणाऱ्यालाच कळतो. बगलेत कापड दाटत नाही, कोपर अडत नाही. धार काढा, सायकल चालवा, गोलंदाजी करा, पोतं उचला, हात मोकळेच.

आत असं काय भरलंय की एवढं हलकं असून ऊब येते?

याचं उत्तर तुमच्या आजीला ठाऊक होतं. नवी दुलई अंगावर घेतली की ऊबच ऊब, आणि पाच-सहा वर्षांनी तीच दुलई दबून चपटी झाली की थंडी आत शिरते. कापूस तोच, वजन तेच. मग पिंजारी यायचा, धनुकलीने कापूस पिंजून द्यायचा आणि दुलई पुन्हा गरम व्हायची. पिंजाऱ्याने काय घातलं? हवा. फुललेल्या कापसाच्या तंतूंमध्ये अडकून बसलेली, हलू न शकणारी हवा उष्णता फार हळू बाहेर जाऊ देते. ऊब त्या हवेची. कापसाचं काम तिला धरून ठेवण्याचं.

जाकिटातही तेच आहे. फक्त कापसाऐवजी पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचं भरण असतं, किंवा बदकाची-हंसाची मऊ पिसं. दोन्ही कापसापेक्षा हलकी, आणि दाबून सोडली की पुन्हा फुलणारी. म्हणून जाकीट घेताना वजन बघू नका. मुठीत घट्ट दाबा, सोडा, आणि किती लवकर वर येतं ते बघा. चपटंच राहिलं तर त्यावर कोणाचंही चिन्ह असो, परत ठेवा.

त्यावर आडव्या शिवणी कशाला? फॅशन म्हणून?

गोधडीला टाके कशाला घालतात? आतलं सरकू नये म्हणून. शिवणी नसत्या तर सगळं भरण महिन्याभरात खाली कंबरेशी गोळा झालं असतं. मात्र शिवणीच्या रेषेवर भरण दबतं आणि तिथून थोडी ऊब निसटते. शिवणी फार जवळजवळ असतील तर जाकीट दिसायला नेटकं पण उबेला कमी. फार लांब असतील तर भरण सरकायची भीती. साधारण चार बोटांचं अंतर मला बरं वाटतं.

आम्ही माळकरी. यात पिसं असतील तर चालणार नाही.

अगदी रास्त विचारणा आहे, आणि तिचं उत्तर दुकानदाराच्या तोंडी शब्दावर सोडू नका. आतल्या बाजूच्या लेबलवर तीन ओळी असतात: बाहेरचं कापड, अस्तर आणि भरण. भरणासमोर 'डाऊन' किंवा 'फेदर' लिहिलं असेल तर पिसं आहेत. '१०० टक्के पॉलिएस्टर' असेल तर पक्ष्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे कोणी माळ घातलेलं दिसलं की आम्ही आधी लेबल उलटून दाखवतो, मगच मापाचं बोलतो.

पिसांच्या भरणाला 'फिल पॉवर' म्हणून एक आकडा असतो, ५५०, ६५०, ८०० असा. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं फुलून किती घन इंच जागा व्यापतात, तो हा आकडा. आकडा मोठा तितकी तेवढ्याच वजनात जास्त ऊब. पण पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते. पॉलिएस्टर भिजलं तरी बऱ्यापैकी फुललेलं राहतं, वाळतंही लवकर. दवात, धुक्यात, पाटाच्या पाण्यात वावरणाऱ्या माणसाला मी पॉलिएस्टरच सुचवतो, माळकरी असो वा नसो.

पण मराठवाड्यात एवढी थंडी असते का? उन्हाळ्याचाच मुलूख आहे हा.

पुण्या-मुंबईचे पाहुणे असं म्हणतात आणि मग डिसेंबरात आमच्याकडून मफलर घेऊन जातात. २०१८च्या डिसेंबरअखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. असं दरवर्षी होत नाही, पण उत्तरेचं वारं सुटलं की एक आकडी तापमान आपल्याला नवं नाही. आपण समुद्रापासून लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळात सोडून देते, आणि तिला अडवायला ना ढग असतात ना दमटपणा. म्हणून पहाटे कुडकुडायला होतं आणि त्याच दिवशी दुपारी दोनला सदऱ्याची वरची गुंडी काढावीशी वाटते.

अशा मुलखाला जाड कोट सोसत नाही. दहा वाजले की तो ओझं होतो, खांद्यावर टाकून हिंडावं लागतं. बिनबाह्यांचं जाकीट सकाळी अंगात, दुपारी घडी करून पिशवीत, दिवेलागणीला पुन्हा अंगात. माझ्या मते आपल्या आठही जिल्ह्यांच्या हिवाळ्याला इतका जुळणारा दुसरा कपडा बाजारात नाही, आणि हे मी माल खपावा म्हणून सांगत नाही. मी स्वतः पंधरा हिवाळे हेच घालतोय.

मग किती जाड घ्यावं?

पॉलिएस्टरचं भरण 'जीएसएम'मध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. आपल्याकडे ६० ते १०० पुरे. १५० किंवा २०० जीएसएमचं जाकीट हिमाचल-काश्मीरच्या सहलीला चांगलं, पण गंगाखेड-परभणी रोजच्या ये-जा करणाऱ्याला त्यात घाम फुटेल. घामाने आतला सदरा भिजला की संध्याकाळी दुप्पट थंडी वाजते. सगळ्यांच्या लेबलवर हा आकडा नसतो. तेव्हा तीच मुठीची परीक्षा.

'हेरिटेज ब्रँड' म्हणजे काय? नुसतं नाव मोठं की काही खरं आहे त्यात?

या शब्दाचा हल्ली फार वापर होतो, म्हणून विचारता ते बरं. ज्या घराण्याने खेळाडूंसाठी कपडे शिवत पिढ्या काढल्या आणि जुने नमुने, जुनी चिन्हं आजही चालवली, त्याला असं म्हणावं. इटलीतल्या बिएलामध्ये १९११ साली सुरू झालेलं फिला, अमेरिकेत रोचेस्टरचं १९१९चं चॅम्पियन, मगरीच्या चिन्हाचं फ्रान्समधलं १९३३चं लाकोस्त ही त्यातली जुनी नावं. लाकोस्त सुरू करणारे रेने लाकोस्त आणि आपल्याच नावाचा ब्रँड काढणारे इंग्लंडचे फ्रेड पेरी हे तर स्वतःच टेनिसमधले विजेते. पेरींनी १९३४, १९३५ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन वर्षं विम्बल्डन जिंकलं.

एलेसेची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती शिंप्याच्या सुईतून निघाली. लिओनार्दो सेर्वादिओ यांनी १९५९ साली इटलीच्या पेरुजा गावात ती सुरू केली. नावाच्या आद्याक्षरांचा, 'एल' आणि 'एस'चा, इटालियन उच्चार म्हणजे एलेसे. आधी विजारी, मग बर्फावर घसरत जाण्याच्या स्कीइंग या खेळाचे कपडे, मग टेनिस. बोरिस बेकरने १९८५ साली अवघ्या सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकलं तेव्हा त्याच्या अंगात याच घराण्याचे कपडे होते. १९९०च्या दशकात ब्रँड ब्रिटनच्या पेंटलँड समूहाकडे गेला.

पॅडेड कपड्याचा वारसा मात्र टेनिसच्या मैदानावरून आलेला नाही. तो थंडीतून आला. अमेरिकेतले एडी बावर खेळाच्या सामानाचे दुकानदार. हिवाळ्यात मासेमारीला गेले असता लोकरीचे कपडे भिजून थंडीने जवळजवळ प्राणावर बेतलं. त्या अनुभवातून त्यांनी १९३६ साली पिसं भरलेलं, शिवणींनी बांधलेलं जाकीट तयार केलं आणि १९४० साली त्याचं पेटंट घेतलं. एका दुकानदाराने स्वतःच्या अंगावर बेतलेल्या गोष्टीवर उपाय शोधला, याचं मला दुकानदार म्हणून फार अप्रूप आहे.

चिन्हात काय आहे? संत्र्याच्या फोडीसारखं दिसतं.

अर्धा टेनिसचा चेंडू, आणि त्याच्यातून वर आलेली स्कीच्या पट्ट्यांची दोन टोकं. घराण्याचे दोन खेळ एका खुणेत.

असली की नकली, कसं ओळखायचं?

चिन्ह सोडून बाकी सगळं आधी बघा. नक्कल करणारा चिन्ह हुबेहूब करतो. आतल्या शिवणीवर मेहनत घेत नाही. जाकीट उलटं करा. लोंबते धागे, वाकडी शिवण, खिशाच्या कोपऱ्याला दुहेरी टाका नसणं, ही लक्षणं. चेन तीन-चारदा वर-खाली करा. ती अडखळत असेल तर हिवाळा संपायच्या आत तुटेल. दोन्ही पल्ल्यांवरच्या आडव्या शिवणी चेन लावल्यावर एका रेषेत आल्या पाहिजेत, हे नकली मालात क्वचितच साधतं.

मग किमतीची चिठ्ठी. तिच्यावर एमआरपी आणि माप असतं, आणि जबाबदार कंपनीचा पत्ता किंवा तक्रारीसाठी संपर्कही. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. "वर जीएसटी वेगळा" असं कोणी म्हणालं तर द्यायचा नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याच्या नगाला ५ टक्के आणि त्यापुढच्याला १८ टक्के जीएसटी आहे, पण तो किमतीतच धरलेला असतो. बिल मात्र मागून घ्या. चेन बिघडली तर तेच कामाला येतं.

आणि मनापासून एक सांगतो. बजेट कमी असेल तर नकली मोठ्या नावापेक्षा साध्या नावाचं नीट शिवलेलं जाकीट घ्या. थंडीला नाव वाचता येत नाही.

माप कोणतं घेऊ? मला सदरा ४० लागतो.

रोज आत जे घालणार ते घालूनच माप द्या. टेप काखेखालून छातीच्या सगळ्यात रुंद भागावरून फिरवा, श्वास रोखू नका. युरोपीय मापं अंगाला बसती असतात, त्यामुळे सदऱ्याला 'एल' लागणाऱ्याला कधी 'एक्सएल' बसतं. घट्ट जाकीट कमी ऊब देतं, कारण आतलं भरण दबून हवा निघून जाते. फार ढगळ घेतलंत तर बगलेतून वारा शिरतो. चेन लावून दोन्ही हात डोक्यावर न्या: पोट उघडं पडलं तर लांबी कमी आहे. खाली बसा: कॉलर हनुवटीला टोचली तर चेन दोन्हीकडून उघडणारं बघा, बसताना खालून थोडी उघडता येते.

शिंप्याकडून कमरेत आत घेता येतं, पण फक्त पॉलिएस्टर भरणाचं. पिसांचं जाकीट उसवलं तर शिंप्याच्या दुकानात पिसंच पिसं होतील.

मोटारसायकलवर पुरेल का?

छातीला पुरेल, दंडाला नाही. पहाटे जिंतूरवरून गाडीवर येणाऱ्याला वारा दंडावरच लागतो. जाकिटावरून बाह्यांचा पातळ विंडचीटर घाला. जाकीट ऊब धरतं, विंडचीटर वारा अडवतो, आणि हे दोन्ही मिळून एका जाड कोटापेक्षा बरे. हातमोजे विसरू नका.

रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला जावं लागतं. शेतात वापरू का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी घाईत उत्तर देत नाही. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर लाईट कधी रात्री अकराला येते, कधी दोनला. भिजलेल्या काळ्या रानात पोटऱ्यांपर्यंत गार पाणी, वरून उघडं आभाळ, आणि माणूस सुती सदऱ्यावर उपरणं गुंडाळून दारं धरत उभा. ऊब कोणाला सगळ्यात जास्त लागत असेल तर याला.

तेव्हा वापरा, जरूर वापरा. पण हे कापड शहरी पायवाटेसाठी विणलेलं आहे हे ध्यानात ठेवा. बाहेरच्या कापडाचा धागा 'डेनियर'मध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. हलक्या जाकिटांचं कापड अनेकदा २० डेनियरच्या घरातलं असतं आणि बाभळीच्या एका काट्याने ते उभं फाटतं. माझ्या धाकट्या भावाचं पहिलं जाकीट बांधावरच्या बोरीनेच गेलं, पहिल्या आठवड्यात. तेव्हापासून तो जाकीट आत घालतो आणि वरून जुना जाड सदरा. जाकीट दबणार नाही इतका तो सदरा सैल हवा. रानासाठीच घ्यायचं असेल तर चकचकीत पातळ कापड टाळा, जरा खरबरीत, जाड विणीचं बघा. आणि गमबूट आधी घ्या. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर मी गमबूटच म्हणेन.

पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला मैदानावर असतो.

धावण्याआधी अंग गरम होईपर्यंत घाल, धावताना काढ, थांबलास की लगेच घाल. घामेजलेल्या अंगाला थांबल्यावर गारठा बाधतो. पण खरं सांगू का, बाळा, या ब्रँडच्या जाकिटाला पैसे घालू नकोस. घरातला स्वेटर हेच काम करेल; ते पैसे बुटांना लाव, गुडघे आयुष्यभर लागतात.

हुरड्याला, येळवसेला (रानातल्या वेळा अमावस्येच्या सणाला) घालून जावं का?

जावं, पण आगटीपासून चार हात लांब. वरचं कापड नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं. ठिणगी उडाली की ते कापसासारखं काळं पडत नाही, वितळून भोक पडतं, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. भाजायला बसणाऱ्याने काढून ठेवावं आणि घोंगडी घ्यावी. लोकर सहजासहजी पेटत नाही. धनगरांची घोंगडी आगीजवळ आजही या सगळ्यांहून सरस.

नेहरू शर्टावर शोभेल का?

गडद निळं किंवा काळं, साध्या चिन्हाचं असेल तर छान दिसतं.

कसं धुवायचं? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.

वर्षातून दोनदा पुरे; अधूनमधून कॉलर आणि बगल ओल्या फडक्याने पुसा. धुताना चेन लावा, खिसे रिकामे करा, उलटं करा. गार पाणी, थोडासा पातळ साबण. बोअरच्या जड पाण्यात पावडर आणि वडीचा साबण नीट सुटत नाही, त्याचा चिकट थर भरणात बसतो आणि तंतू फुलत नाहीत. म्हणून खळबळून तीन पाण्यांतून काढा. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर शेवटचं पाणी त्याचं. धोपटणं नको, पिळणं तर मुळीच नको. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं वाळवा, ओलं टांगलं तर भरण खाली उतरतं. अर्धवट वाळलं की हातांनी झटकून फुलवा. ड्रायर असेल तर मंद आचेवर दोन स्वच्छ टेनिसचे चेंडू सोबत टाका, ते आपटून भरण मोकळं करतात. चेंडूंनी पिंजाऱ्याचंच काम केलं म्हणायचं.

इस्त्री कधीच नाही. मी एकदा लग्नाच्या गडबडीत फिरवली होती; पाठीवर इस्त्रीच्या टोकाचा ठसा उमटला तो कायमचा.

उन्हाळ्यात कुठे ठेवू?

पत्र्याच्या पेटीत तळाशी दाबून नको. मे महिन्यात पत्र्याच्या घरात पेटी तापते, छापील चिन्हाला तडे जातात, आतला लेप असेल तर तो सुटतो, आणि वरच्या गोधड्यांच्या वजनाने भरण कायमचं बसतं. सुती उशीच्या अभ्र्यात सैल घालून कपाटात टांगा. पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नका.

फाटलं तर?

सुईदोरा घेऊ नका, प्रत्येक टाक्याचं नवं भोक होतं. बाहेर आलेला तंतू ओढू नका, आत ढकला. बॅग दुरुस्त करणाऱ्यांकडे चिकटणारी नायलॉनची पट्टी मिळते. कोपरे गोल कापून चिकटवा, टोकदार कोपरा लवकर उचकटतो. चेन अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा.

आणि अगदीच जुनं झालं, फुगेनासं झालं तर?

आमच्या घरी असं एक होतं. आईने चेन उसवून दुसऱ्या पिशवीला लावली, चिन्ह काढून नातवाच्या दप्तरावर शिवलं, आणि राहिलेलं पोत्याच्या दोन थरांमध्ये घालून लांब टाके घातले. जानेवारीत गाय व्याली तेव्हा वासराच्या पाठीवर ते बांधलं होतं.